उतारावरचा चिमटा : प्रस्तावना

सायकलीच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला, पुढच्या चाकाशी धक्के सोसणारा फोर्क असलेली सायकल दिसली, की तो एक विधी हटकून पार पाडतो. पुढचा ब्रेक आवळून धरावा, हँडलवर छातीचा भार टाकावा, दोन-तीनदा खालीवर दाबून पाहावे आणि मग, भोवती कोणी ऐकत असो वा नसो, "मऊ आहे" किंवा "कडक आहे" असा निवाडा देऊन मोकळे व्हावे, हा तो विधी होय. मोटारसायकल घेताना आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी हेच केले आहे आणि मीही त्याला अपवाद नाही. या निवाड्यात फिर्यादीची जबानी असते, प्रतिवादीची कैफियत मात्र कोणी घेतलेली नसते. कारण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर, चाक जागचे हलत नसताना, सरळ वरून दाबलेला फोर्क जे सांगतो, आणि तोच फोर्क डोंगराच्या उतारावर, समोरून दगडामागून दगड चाकावर येत असताना, जे सांगतो, त्या दोहोंचे नाते असलेच तर फार दूरचे असते. ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे, ते पुस्तक या दुसऱ्या जबानीविषयी आहे.

पुस्तकाचे लेखक माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे चिरंजीव. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, मोटारसायकलींचे फोर्क तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षे काढली. चिरंजीव शिक्षणासाठी म्हणून स्कॉटलंडला गेले आणि शिक्षण पुरे झाल्यावर, वडिलांना बराच काळ पत्ता लागू न देता, फोर्ट विल्यम गावी डोंगरी सायकली दुरुस्त करू लागले. प्रस्तावनेची गळ त्यांनी घातली तेव्हा, "या सायकलींतले मला काय कळते?" असे मी विचारले. "काका, तेल तेच, स्प्रिंग तीच; फक्त इंजिनाच्या जागी इथे डोंगर आहे," असे उत्तर आले. हे उत्तर अर्धेच खरे असल्याचे त्यांचेच हस्तलिखित वाचताना माझ्या ध्यानात आले, त्याविषयी पुढे लिहितो. आधी एका शब्दाचा हिशेब चुकता करतो. आमच्या लहानपणी सायकलवाल्यांच्या तोंडी पुढच्या फोर्कला चिमटा हा शब्द होता. लेखकांनी सर्वत्र फोर्क असेच लिहिले आहे आणि आजच्या वाचकाच्या सोयीने ते योग्यही आहे. तथापि चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवण्याचे या अवयवाचे काम त्या जुन्या शब्दात असे काही चपखल बसले आहे की, शीर्षकापुरता का होईना, तो राहू द्यावा असा हट्ट मी धरला.

डोंगरावरून सायकल घेऊन वेगाने खाली उतरण्याची हौस माणसाला केव्हापासून आहे हे सांगणे अवघड. परंतु या खेळाच्या दप्तरातील पहिला कागद म्हणून ज्याकडे बोट दाखवता येते तो कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातला आहे. टॅमलपाइस पर्वताच्या परिसरात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या काळातल्या जड, रुंद टायरांच्या सायकली घेऊन शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली येताना, पेडल उलटे दाबून लावायचा मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि उतरल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. धक्के सोसायला त्या सायकलींना स्वाराच्या कोपर-गुडघ्यांखेरीज काही नव्हते. चार्ली केली यांनी मात्र घड्याळ लावून वेळा वहीत उतरवल्या, आणि म्हणूनच गॅरी फिशर यांची ४ मिनिटे २२ सेकंदांची फेरी आज आपल्याला ठाऊक आहे. पारखीच्या दृष्टीने मला त्या शर्यतीहून ती वही मोलाची वाटते.

मोटारसायकलीला, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने आवरलेला फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्येच दिला होता. सायकलीपर्यंत ती विद्या पोचायला अर्धशतक लागले. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सचा ‘आरएस-१’ हा फोर्क १९८९ मध्ये आला, तेव्हा त्याची धाव (दबण्याचा पूर्ण पल्ला) जेमतेम ५० मिलिमीटर, म्हणजे आडवी धरलेली तीन बोटे, एवढीच होती, आणि असली गादी दुबळ्यांना हवी असते असे म्हणणारे पहिलवान पुष्कळ निघाले. पुढल्याच वर्षी कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड हे तोच फोर्क लावलेल्या सायकलीवर विजयी झाले, तेव्हा पहिलवानांचा आवाज बराच खाली आला. त्यानंतर सायकलीच्या सांगाड्याच्या पुढच्या नळीच्या खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी फोर्कच्या नळ्यांना आवळून धरणारा दुहेरी क्राउनचा ‘बॉक्सर’ आला, इटलीतल्या मार्झोकीचे भारदस्त फोर्क आले, आणि २००५ साली फॉक्सने ४० मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा, २०३ मिलिमीटर धावेचा ‘४०’ काढला. पंधरा-सोळा वर्षांत तीन बोटांची एक वीत झाली. हा इतिहास लेखकांनी पहिल्या प्रकरणात विस्ताराने दिला असल्याने मी इथेच हात आवरता घेतो.

आता त्या अर्ध्या खऱ्या उत्तराविषयी. तेल तेच आणि स्प्रिंग तीच, हे कबूल. पण वजनाचा जो जमाखर्च आम्ही आयुष्यभर मांडत आलो तो इथे पार उलटा आहे. आमच्या मोटारसायकलीचे वजन दीडशे किलोच्या आसपास, तीवर बसणारा मनुष्य पन्नास किलोचा असो की ऐंशीचा, पुढच्या फोर्कला त्याचे फारसे सुखदुःख नसे. म्हणून सबंध देशासाठी एकच स्प्रिंग आणि एकच तेल ठरवून आम्ही घरी जात असू. उताराची सायकल सोळा-सतरा किलोची असते आणि तिच्यावरचा स्वार तिच्या चौपट-पाचपट. तोही बसलेला नसतो. पेडलांवर उभा असतो, कधी हँडलवर ओणवतो, कधी मागच्या चाकाच्याही मागे जातो. म्हणजे ज्या यंत्राची पारख करायची त्याच्यावरचा ऐंशी टक्के भार हा हाडामांसाचा, हलता, कधी भित्रा तर कधी उतावळा असा आहे. सबब, "हा फोर्क कसा आहे?" हा प्रश्न "कोणासाठी?" हे विचारल्यावाचून दाखलच करून घेता येत नाही. लेखकांनी याची अंमलबजावणी कसोशीने केली आहे. प्रत्येक निष्कर्षाच्या शेजारी त्यांनी स्वाराचे वजन लिहिले आहे, तेही हेल्मेट, गुडघ्यांची कवचे आणि चिखलाने भिजलेल्या बुटांसकट.

स्प्रिंग आणि तेल यांची कामे कशी वाटलेली असतात, हे ज्यास ठाऊक आहे त्याने हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. स्प्रिंग, मग ती पोलादाची असो वा कोंडलेल्या हवेची, ही प्रामाणिक पेढी आहे. धक्क्याची जी शक्ती तिच्यात जमा करावी ती जवळपास पैन्पै परत देते. तशीच परत दिली तर स्वार चेंडूसारखा उडेल; म्हणून दुसऱ्या नळीत तेल असते, ते बारीक छिद्रांतून आणि एकमेकींवर रचलेल्या पोलादाच्या पातळ चकत्यांना वाकवून वाट काढते, आणि त्या खटाटोपात शक्तीची उष्णता होऊन जाते. दबताना तेलाने करायचा विरोध वेगळा आणि परतताना करायचा वेगळा. चांगल्या फोर्कमध्ये दबतानाच्या विरोधाला दोन घुंड्या असतात, एक मंद गतीची आणि एक जलद गतीची; इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ही गती सायकलीची नसून आतल्या दट्ट्याची आहे. ब्रेक लावल्याने सायकल नाक खाली घालते, ती मंद गती, मग सायकल ताशी साठ किलोमीटरने का जात असेना; आणि रांगत जाताना एखाद्या चौकोनी दगडाच्या कडेवर चाक आदळले तर ती जलद गती. हा भेद ज्याच्या डोक्यात पक्का बसला नाही त्याने घुंड्यांना हात लावू नये.

या पुस्तकाचे सर्वोत्तम प्रकरण, माझ्या मते, परतीच्या गतीवरचे, म्हणजे रिबाउंडवरचे आहे. त्याचे मूळ ज्या प्रसंगात आहे त्या प्रसंगी योगायोगाने मी तिथे होतो. फोर्ट विल्यमजवळ ऑनाख मोर नावाचा डोंगर आहे, बेन नेव्हिसचा शेजारी. त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या वाटेवर २००२ पासून अनेक वर्षे विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. वरचा भाग उघड्या माळाचा, दगडाला दगड लागलेला. मधे ओल्या मुळांचे रान. तळाशी मोठाल्या उड्या. लांबी पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास, उतार पाचशे मीटरांहून अधिक, आणि चांगला शर्यतपटू साडेचार-पाच मिनिटांत खाली येतो. त्या दिवशी, तिथे नेहमी असतो तसा, पाऊस होता. एक तरुण, फोर्क फार कडक झाला आहे, हातांच्या मुठी मिटेनात, अशी तक्रार घेऊन आला. दोन दिवसांपासून तो फोर्कमधली हवा थोडीथोडी सोडत होता, आणि जितकी सोडावी तितका फोर्क अधिकच कडक लागत होता. म्हणजे पाणी उताराकडून चढाकडे वाहावे तसा प्रकार. लेखकांनी त्याला काही न विचारता फोर्कच्या वरच्या नळीवरचे रबरी कडे पाहिले. हे कडे फोर्क दबला की वर ढकलले जाते आणि तिथेच राहते. फोर्क किती दबला होता याचा तो खोटे न बोलणारा साक्षीदार. मग त्या तरुणाला पेडलांवर उभे करून सॅग, म्हणजे नुसत्या भाराने फोर्क किती बसतो, ते मोजले. २०० मिलिमीटरच्या फोर्कने पन्नासच्या आसपास बसावे, तो सत्तरावर बसत होता. त्यांनी पंपाने हवा पुन्हा होती तितकी भरली, तळाची, परतीच्या विरोधाची लाल घुंडी तीन क्लिक उघडी केली आणि "जाऊन ये" म्हणाले. पाऊण तासाने तो तरुण परत आला तेव्हा त्याने काही सांगितले नाही; मुठी उघडून मिटून दाखवल्या.

झाले होते ते असे. परतीचा विरोध फार घट्ट होता. पहिल्या दगडाने फोर्क दबला, दुसरा दगड येईपर्यंत पुरता वर आला नाही. दुसऱ्याने त्याला तिथूनच आणखी खाली ढकलले, तिसऱ्याने त्याहून खाली. सहाव्या-सातव्या दगडाला फोर्क धावेच्या अशा खोल भागात अडकला की जिथे कोंडलेली हवा मुळातच ताठ असते. स्वाराला जाणवला तो ताठपणा खरा होता, पण त्याचे कारण हवा जास्त असणे हे नव्हतेच. हवा सोडताच परत ढकलणारे बळ घटले, परती आणखी मंदावली, फोर्क आणखी खोल बसला, पुढचा भाग खाली गेल्याने तीव्र उतारावर तोल नाकाकडे झुकला, आणि दुखणे बळावले. आमच्याकडे डांबरी रस्त्यावर एखादा खड्डा आला, गेला, की फोर्कला उसंत मिळते. म्हणून हे दुखणे मोटारसायकलीच्या चाचणीत आम्हाला इतक्या शुद्ध रूपात कधी भेटलेच नाही. "कडक" हा शब्द फिर्याद म्हणून नोंदवून घ्यावा, निदान म्हणून कदापि घेऊ नये, असे लेखकांनी लिहिले आहे. ते वाक्य प्रत्येक दुरुस्तीगृहाच्या भिंतीवर लावावे अशा योग्यतेचे आहे.

कडकपणाचे दुसरे एक कारण घुंड्यांच्या इलाख्यातच येत नाही, ते म्हणजे घर्षण. वरची नळी खालच्या पायात ज्या बुशांवरून सरकते ते कोरडे असले, किंवा तोंडाशी धूळ रोखणाऱ्या सीलखालचा स्पंज सुकला असला, तर लहान खडे फोर्कपर्यंत पोचतच नाहीत. ते थेट मनगटात जातात. आणि इथेच दुकानातल्या त्या विधीचे पितळ उघडे पडते. सरळ वरून दाबलेल्या फोर्कचे बुश सुखाने सरकतात. प्रत्यक्षात दगड चाकाला मागे रेटतो, ब्रेक त्यात भर घालतो, नळ्या किंचित वाकतात आणि वाकलेल्या अवस्थेत सरकताना बुश धरतात. नळ्यांची जाडी ३२ मिलिमीटरांवरून ३५, ३८ आणि ४० पर्यंत का गेली, याचे एक कारण हे आहे. लेखकांना फोर्कचे पाय उघडताना मी पाहिले. खालचे बोल्ट चार आटे सैल करून त्यांवर रबरी हातोडीचा एकेक टोला, पाय ओढून अलग, आणि आत जे काही निघेल ते पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत. तेल तिथे मुळात असते किती, तर चहाच्या कपाच्या तळाशी उरेल इतके. त्या बशीत आले ते चमचाभर, राखी रंगाचे. त्यांनी बशी उजेडात तिरपी धरली. राखी रंग हा चिखलाचा, म्हणजे सील थकले. रुपेरी चकाकी दिसली असती तर धातू झिजतो आहे. आणि दुधाळ असते तर पाणी. पंचनाम्याला एवढे पुरे. अशी तेलबदली साधारण ५० तासांनी करावी असा उत्पादकांचा शिरस्ता आहे. पाच मिनिटांची एक फेरी धरली तर सहाशे फेऱ्या. कोरड्या फोर्कची परीक्षा घेऊन त्याच्या कर्त्याला दोष देणारे समीक्षक लेखकांना ठिकठिकाणी भेटले आहेत. त्यांची नावे दिली नाहीत हा लेखकांचा सुसंस्कृतपणा.

परीक्षकाच्या मनाचा दोष हा घर्षणाहून सूक्ष्म आणि अधिक घातक आहे, आणि त्याबाबत मला स्वतःचीच साक्ष काढली पाहिजे. वाळूजला असताना एकदा एका नव्या तेलाची चाचणी ठरली. जुने तेल भरलेली मोटारसायकल मी सकाळी चालवली, दुपारी ती आत गेली, संध्याकाळी बाहेर आली आणि मी ती पुन्हा त्याच खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणली. नव्या तेलाने पुढचा भाग किती स्थिर झाला आहे, खड्ड्यातून चाक किती निवांत बाहेर येते, यावर मी सव्वा पान अहवाल लिहून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी कळले की तेलाचा डबा आलाच नव्हता; गाडी दुपारभर तशीच उभी होती. तो अहवाल विभागात पुढे कित्येक वर्षे जपून ठेवलेला होता आणि नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक अभियंत्याला पहिल्या दिवशी वाचायला देत. लेखकांच्या वडिलांनीच ती प्रथा पाडली. चिरंजीवांच्या पद्धतीत, घुंडी फिरवणाऱ्याने चालवणाऱ्याला काय फिरवले ते सांगायचे नाही, आणि दर चार-पाच फेऱ्यांत एकदा काहीच न फिरवता सायकल परत द्यायची, असा जो दंडक आहे तो कुठून आला असावा, याचा तर्क मला करता येतो.

घड्याळ तरी निःपक्षपाती ना, असे कोणी म्हणेल. घड्याळ निःपक्षपाती आहे खरे. पण ते काय मोजते याचा विचार करावा. अव्वल शर्यतपटूंत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकातले अंतर बहुधा सेकंदाच्या अपूर्णांकांत असते, तर माझ्या-तुमच्यासारख्याच्या दोन लागोपाठच्या फेऱ्यांत, फोर्कला हातही न लावता, पाच-सात सेकंदांचा फरक सहज पडतो. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या शांपेरी येथे, भर पावसात, डॅनी हार्ट हे अकरा सेकंदांहून अधिक फरकाने जगज्जेते झाले. ते अकरा सेकंद कोणत्याही फोर्कच्या खाती जमा करता येणार नाहीत. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांग येथे ॲरन ग्विन यांची साखळी सुरुवातीलाच तुटली आणि तरीही ते पहिले आले. साखळीची ओढ नसल्याने मागची सस्पेन्शन अधिक मोकळी चालली, असे एक शास्त्र त्यावर तत्काळ तयार झाले. त्यात तथ्य असेलही, परंतु एका फेरीवरून कारण ठरवायचे म्हटले तर साखळ्या काढून ठेवण्याचे फर्मानच काढावे लागेल. म्हणून लेखक एकाच वाटेचा एकच तुकडा, एक-दीड मिनिटाचा, पुन्हा पुन्हा घेतात; एका वेळी एकच घुंडी फिरवतात; ती आधी मुद्दाम दोन्ही टोकांना नेऊन, अतिरेकाची चव घेऊन, मग मधे येतात; आणि शेवटी पहिल्याच मांडणीवर परत जाऊन खातरजमा करतात. मोठ्या संघांजवळ फोर्कची हालचाल क्षणोक्षणी टिपणारी यंत्रे असतात. वही, रबरी कडे आणि ओळखीचा एक उतार एवढ्या सामग्रीवर सामान्य माणसाला कुठवर जाता येते, हे या पुस्तकाने दाखवले आहे, आणि बरेच दूरवर जाता येते.

काही बाबी मी भरभर उरकतो. वरचा भाग जाड आणि खालचा बारीक, असा उलटा फोर्क मोटारसायकलींवर आता सर्रास दिसत असताना सायकलीवर तो मॅनिटूच्या ‘डोराडो’सारखे अपवाद सोडता का रुळला नाही, हा प्रश्न आमच्या क्षेत्रातले लोक विचारतीलच; दोन पायांना चाकावरून जोडणारी कमान त्यात नसते, त्यामुळे तो पिळला जातो, हे त्याचे थोडक्यात उत्तर. उंच डोंगरावर गेल्यावर खालच्या पायांत अडकलेली हवा बाहेरच्या विरळ हवेच्या मानाने फुगते आणि फोर्क आखडतो. काही फोर्कांना ती सोडण्याची कळ असते, नसल्यास त्याची नोंद घ्यावी. हलक्या स्वाराचा मुद्दा मात्र उरकण्याजोगा नाही. पन्नास किलोच्या मुलीला हवा कमी लागते, हवा कमी म्हणून परत ढकलणारे बळ कमी, आणि म्हणून परतीचा विरोधही फार थोडा हवा असतो; पुष्कळ फोर्कांत घुंडी पार उघडली तरी तिच्या दृष्टीने विरोध जास्तच उरतो, कारण आतल्या चकत्या ऐंशी किलोच्या पुरुषाच्या मापाने रचलेल्या असतात. घुंडीला किती क्लिक आहेत हे जाहिरातीत छापतात. त्यांतले किती कोणाच्या उपयोगाचे, हे लेखकांनी कोष्टकात दिले आहे. वीस क्लिकांपैकी चार कामाचे निघाले तर तो फोर्क चार क्लिकांचा, असा त्यांचा रोखठोक हिशेब आहे.

एका बाबतीत माझा लेखकांशी मतभेद आहे आणि तो नोंदवणे प्रस्तावनाकाराचा हक्क समजतो. ते हवेच्या स्प्रिंगचे पक्षपाती आहेत. हवा हलकी, पंपाच्या दोन हिसक्यांत हव्या त्या वजनाला जुळणारी, आणि नळीत प्लॅस्टिकचे ठोकळे टाकून हवेची जागा घटवली की धावेचा अखेरचा तिसरा हिस्सा हवा तितका ताठ करता येतो, जेणेकरून मोठ्या उडीनंतर फोर्क तळाला आपटत नाही. हे सगळे मान्य. पण हवा कोंडायची म्हणजे आणखी सील आले, सील आले म्हणजे घर्षण आले. पोलादी कॉइलमध्ये तो भाग नाही, तिचा पहिला मिलिमीटर आणि शंभरावा मिलिमीटर सारख्याच सरळपणाने वागतात, आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी थंडीने तिचा दाब उतरत नाही. तीन-चारशे ग्रॅम वजन जास्त होते. डोंगर उतरायचा आहे, चढायचा नाही, आणि वर न्यायला बहुतेक ठिकाणी पाळणा असतो. चिरंजीव हसून म्हणतात, "काका, तुम्ही मोटारसायकलवाले." असेल तसे. वाचकाने दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात आणि जमल्यास दोन्ही चालवून पाहाव्यात.

पुस्तकात उणिवाही आहेत. किमतींविषयी लेखक मौन पाळतात, आणि दोन फोर्कांत उजवे-डावे करताना किंमत बाजूला ठेवणे हे मला श्रीमंत देशातले सौजन्य वाटते. एकाच नावाचे, एकाच कारखान्यातले दोन नग परस्परांत किती भिन्न निघतात, हा प्रश्न त्यांनी काढला आहे पण तडीस नेलेला नाही. त्यासाठी जितके नग उघडावे लागतील तितके एका दुरुस्तीगृहाच्या आवाक्यात नाहीत, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पुढल्या आवृत्तीत निदान तीन-चार नगांची तुलना यावी, अशी अपेक्षा व्यक्त करून ठेवतो.

वाचकांस एकच विनंती. दुसरे प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या फोर्कची प्रत्येक घुंडी घड्याळाच्या दिशेने पुरती बंद करावी, किती क्लिक झाले ते मोजावे, मग तितकेच क्लिक उलटे फिरवून ती होती तिथे आणावी, आणि ते आकडे, हवेचा दाब, सॅग आणि स्वतःचे बुटांसकट वजन तारखेनिशी वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. बहुतेकांना हे आकडे आज ठाऊक नसतील. ते लिहून होईपर्यंत पुढचे पान उलटू नये.